कॅन नॉट ओपन डिस्प्ले

शनिवार सकाळ. बाहेर पावसाची रिपरिप चालू आहे, फ्लॅटमधले बाकीचे दोघं अजून पांघरुणात आहेत आणि मी चहाचा दुसरा कप घेऊन बसलोय. हा विषय बरेच दिवस डोक्यात होता. लिहायला बसलो की वाटायचं, जाऊ दे, कशाला! आज मात्र लिहूनच टाकतो.

विषय तसा एकदम रुक्ष आहे. लिनक्सवर काम करताना स्वतःच्या खात्यातून दुसऱ्या खात्यात जायचं, पण समोरचा स्क्रीन हातचा सोडायचा नाही, हे कसं करतात? ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांच्या कपाळावर आत्ताच आठी पडली असेल. ज्यांनी केला नाही त्यांनी घाबरू नका, वाड्याचं आणि किल्लीचं उदाहरण देऊन सांगणार आहे. आणि अगदीच कंटाळा आला तर सरळ खाली उडी मारून फ्लॅटच्या बुकिंगवर या. तिथे माझी चांगलीच जिरली आहे. :)

तर आधी वाडा.

आमचं काम चिप डिझाइनचं. म्हणजे चिप आम्ही बनवत नाही. तिचा एक छोटासा तुकडा बनण्याआधी बरोबर चालतोय का, एवढंच तपासतो. पण ही सॉफ्टवेअर्स लॅपटॉपला झेपत नाहीत. म्हणून एक दांडगा लिनक्स सर्व्हर असतो आणि आम्ही तीसेक जण आपापल्या लॅपटॉपवरून व्हीएनसीने त्याच्यावर जाऊन बसतो. प्रत्येकाला एक डेस्कटॉप, प्रत्येक डेस्कटॉपला एक नंबर. माझा १२, माझ्या रूम-पार्टनरचा १३. जुन्या वाड्यात बिऱ्हाडं असायची ना, तसं. वाडा एक, बिऱ्हाडं तीस, भिंती पातळ.

रूम-पार्टनर म्हणजे इंजिनियरिंगचा. चार वर्षं हॉस्टेलवर एका खोलीत काढली, २०१९ साली एकाच कॅम्पस इंटरव्ह्यूतून एकाच कंपनीत लागलो, एकाच दिवशी जॉइन झालो. सगळे त्याला त्याच्या नावाने हाक मारतात, मी अजूनही पार्टनरच म्हणतो. तेव्हा इथेही पार्टनरच.

जॉइन झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पहिला झटका बसला. प्रोजेक्टचे अधिकृत रिझल्ट कुणाच्या वैयक्तिक खात्यातून काढायचे नाहीत, त्यासाठी ‘रिलीज’ नावाचं एक सामायिक खातं आहे, असा नियम. पद्धत सोपी. आपल्याच खिडकीत ‘एस-यू, डॅश, रिलीज’ असं टाइप करायचं, की आपण रिलीज झालो. मी झालो. टूल चालू केलं. आता छानपैकी खिडकी उघडेल म्हणून बघतोय, तर काळ्या पडद्यावर एक ओळ: कॅन नॉट ओपन डिस्प्ले.

आयला! डिस्प्ले तर समोर आहे. मी त्याच्याकडेच बघतोय. उघडता येत नाही म्हणजे काय?

याचं उत्तर समजायला मला पुढे साडेतीन वर्षं लागली, तुम्हाला पाच मिनिटांत सांगतो. लिनक्सवर खिडक्या दाखवण्याचं काम वर्षानुवर्षं जी यंत्रणा करत आलीये तिचं नाव एक्स विंडो सिस्टिम. १९८४ साली एमआयटीत सुरू झालेली. तिची एक्स-११ ही आवृत्ती सप्टेंबर १९८७ मधली. म्हणजे माझ्यापेक्षा चांगली दहा वर्षांनी मोठी. तिच्यात एक उलटी गंमत आहे. सर्व्हर म्हटलं की आपल्याला लांब कुठेतरी गार खोलीतलं कपाट आठवतं. इथे सर्व्हर म्हणजे तुमचा स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस सांभाळणारा प्रोग्रॅम. बाकी सगळे, म्हणजे ब्राउझर, एडिटर, आमची टूल्स, हे पाहुणे. ते दारावर येतात आणि म्हणतात, मला जरा एक खिडकी काढून द्या.

पाहुण्याला आत यायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे पत्ता. तो ‘डिस्प्ले’ नावाच्या एका व्हेरिएबलमध्ये असतो. माझा पत्ता कोलन १२. दुसरी म्हणजे किल्ली. ही किल्ली म्हणजे १२८ बिटांचा एक यादृच्छिक आकडा. तिचं खरं नाव ‘मॅजिक कुकी’ आहे, हसू नका. ती माझ्या होम डिरेक्टरीतल्या ‘डॉट एक्सऑथॉरिटी’ नावाच्या फाइलमध्ये असते, आणि ती फाइल फक्त मला वाचता येते.

आता मी ‘एस-यू, डॅश’ करून रिलीज झालो की काय होतं? तो जो डॅश आहे ना, तो आंघोळ घालतो. जुन्या माणसाचं अंगावरचं सगळं उतरवून नव्याचे कपडे चढवतो. त्यात पत्ताही जातो. बरं, पत्ता हाताने परत लिहिता येतो. पण दारावर गेल्यावर किल्ली? ती माझ्या घरातल्या कपाटात, आणि मी आता ‘मी’ राहिलेलो नाही. तोच माणूस, तीच खुर्ची, तीच बोटं. पण माझंच दार मला ओळखत नाही.

यावर हुशार लोक म्हणतील, मग रूट होऊन जा की, रूटला सगळंच वाचता येतं. मीही म्हणालो होतो. पण आमच्याकडे सगळ्यांची घरं, म्हणजे होम डिरेक्टरीज, नेटवर्कवरच्या दुसऱ्याच मशीनवर. तिथे ‘रूट स्क्वॉश’ नावाची सोय लावलेली असते. आपल्या मशीनवरचा राजा तिकडे गेला की त्याला ‘नोबडी’ समजतात, अक्षरशः त्याच नावाने. मोठ्या साहेबांनाही दुसऱ्या सोसायटीचा वॉचमन ओळखत नाही, तसंच.

हे सगळं तेव्हा माहीत नव्हतं. मी अर्धा दिवस डोकं आपटलं आणि मग शेजारच्या क्युबिकलमधल्या एका सीनियरला विचारलं. त्यांनी स्क्रीनकडे मानही न वळवता सांगितलं, “एक्सहोस्ट प्लस मार. विषय संपला.”

मारलं. विषय खरंच संपला! खिडकी धाडकन उघडली. उत्तरादाखल यंत्राने एक ओळ छापली होती, की आता प्रवेशावरचं नियंत्रण बंद आहे आणि कोणत्याही होस्टवरून कुणीही जोडलं जाऊ शकतं. अगदी स्पष्ट इंग्रजीत. पण तुम्ही सॉफ्टवेअर टाकताना नियम-अटी वाचता का? मग झालं तर.

रोज रोज टाइप करायचा कंटाळा, म्हणून मी ती ओळ व्हीएनसीच्या स्टार्टअप फाइलमध्येच टाकून दिली. म्हणजे डेस्कटॉप चालू झाला की दार आपोआप सताड उघडं. पुढे नवीन पोरं आली, त्यांनी मला विचारलं, आणि मीही मान न वळवता सांगितलं, “एक्सहोस्ट प्लस मार.” ज्ञान असंच पुढे जातं आपल्याकडे.

साताऱ्याला आमच्या आज्जीच्या घराची एक जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे असायची. आज्जी पंढरपूरला गेली की काकू सकाळी येऊन तुळशीला पाणी घालायच्या. किल्ली फक्त त्यांच्याकडे, आणि कुणाकडे आहे ते आज्जीला पक्कं माहीत. एक्सहोस्ट प्लस म्हणजे तुळशीला पाणी मिळावं म्हणून दाराची कडीच काढून ठेवणं. काकू येतीलच. पण बाकीचेही येऊ शकतील.

आणि आत आलेल्याला काय काय करता येतं? एक्स-११ च्या घरात आतल्या खोल्यांना दारं नाहीत. एकदा आत शिरलेला प्रोग्रॅम अख्ख्या स्क्रीनचा फोटो काढू शकतो, दुसऱ्या खिडकीत तुम्ही काय टाइप करताय तेही टिपू शकतो. ही रचना झाली तेव्हा तिच्यासमोर होती विद्यापीठातली लॅब, जिथे शेजारच्या खुर्चीत आपलाच वर्गमित्र. हल्ली हा सर्व्हर बहुतेक ठिकाणी नेटवर्कवर ऐकतच नाही, त्यामुळे जगातून कुणीही येईल असं होत नाही. पण त्याच मशीनवर बसलेला कुणीही येऊ शकतो. आणि आम्ही एकाच मशीनवर तीस जण होतो.

इथे टेक्निकल भाग तात्पुरता संपला. उडी मारणाऱ्यांनो, या.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मला लीड केलं. सात जणांची टीम, त्यात पार्टनरही. त्याला वाईट वाटलं का? मी विचारलं नाही, त्याने दाखवलं नाही. उलट त्यानेच केक आणला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर हात जोडून, “लीडसाहेब, अर्धा दिवस रजा मिळेल का?” आम्ही खो खो हसलो. संध्याकाळी टपरीवर तेच दोन कटिंग, तोच बाकडा. मला वाटलं, झालं, काहीच बदललं नाही.

मार्च २०२३. अप्रेझल. आयटीवाल्यांना काय सांगायचं! सात जणांत दोन वरच्या बँडमध्ये, चार मधल्या, आणि एक खालच्या. एक म्हणजे एक. खालच्या बँडला इन्क्रिमेंट शून्य. हे गणित मी बनवलेलं नव्हतं, पण त्यात नाव मी लिहिणार होतो. खालच्या जागेसाठी दोनच नावं शक्य होती. एक आठ महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, जिने अजून काही बिघडवलं नव्हतं. दुसरा पार्टनर. वर्षभरात दोन डिलिव्हरी त्याच्यामुळे लांबल्या होत्या, हे खरं. त्यातल्या एकीला तो एकटा जबाबदार नव्हता, हेही खरं. आणि मित्राला वाचवलं असं कुणी म्हणू नये ही माझी भीती, हे सगळ्यात खरं.

मी पार्टनरचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात शेरा: टेक्निकली चांगला, ओनरशिप कमी पडते.

हे झालं सोमवारी. त्याच आठवड्यात बुधवारी, टपरीवर, पार्टनर म्हणाला, “अरे, ते पुनावळ्याचं टू बीएचके. रविवारपर्यंत एक्कावन्न हजार भरले तर जुन्या रेटने देतोय. एप्रिलचं इन्क्रिमेंट धरलं तर हप्ता बरोबर बसतोय. करू का रे बुकिंग?”

मी चहाचा घोट घेतला. पत्रं हातात पडेपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, अशी एचआरची सक्त ताकीद होती. खरं म्हणजे ‘दोन आठवडे थांब’ एवढं म्हटलं असतं तर कुठलाच नियम मोडला नसता. तीन शब्द. पण ते म्हटले तर त्याला कळेल, आणि कळलं तर आत्ता, इथे, या बाकड्यावर बोलावं लागेल...

मी म्हणालो, “कर की.”

त्याने रविवारी पैसे भरले.

आता स्क्रिप्टची गोष्ट. आमचे रन रात्रभर चालतात. घरी बसून ते कुठवर आलेत हे कळावं म्हणून मी पूर्वी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. दर अर्ध्या तासाने स्क्रीनचा फोटो काढायचा आणि स्वतःला मेल करायचा. ती क्रॉनमधून चालायची. क्रॉनला बिचाऱ्याला स्क्रीन नसतोच, म्हणून पत्ता मी स्क्रिप्टमध्येच ठोकून दिला होता: कोलन १२. पार्टनरने त्या सोमवारी स्क्रिप्ट माझ्याकडून कॉपी केली. मेलचा पत्ता बदलून स्वतःचा टाकला. डिस्प्लेचा नंबर बदलायचा राहिला.

दार बंद असतं तर? स्क्रिप्ट कोलन १२ वर गेली असती, किल्ली नाही म्हणून परत पाठवली गेली असती, आणि लॉगमध्ये ती ओळ आली असती: कॅन नॉट ओपन डिस्प्ले. पार्टनरने ओरडून विचारलं असतं, “अबे, तुझी स्क्रिप्ट चालत नाहीये!” मी म्हटलं असतं, “बाराचे तेरा कर.” संपलं असतं.

पण दार उघडं होतं. कसलीही कुरकुर न करता स्क्रिप्ट चालली. साडेसातला त्याच्या मेलवर फोटो आला. माझ्या स्क्रीनचा. शेरे शेवटचे नीट करायला मी ती शीट तिथेच लिब्रे ऑफिसमध्ये उघडून बसलो होतो.

मंगळवारी सकाळी त्याने मला जिन्यात बोलावलं. फोन पुढे केला. फोटोच्या कडेला माझं वॉलपेपर दिसत होतं, राजगडचा बालेकिल्ला, पहाटेचा. तो फोटो त्यानेच काढलेला. आणि मध्ये शीट. चौथी ओळ.

“हे बघ,” तो म्हणाला, “मी हॅक-बिक काही केलेलं नाही. तुझीच स्क्रिप्ट आहे.”

“माहितीये.”

“रेटिंगचं जाऊ दे. कदाचित बरोबरही असेल. एक सांग, बुधवारी मी तुला विचारलं, तेव्हा हे ठरलं होतं?”

“हो.”

“मग ‘कर की’ कोण म्हणालं? लीड म्हणाला का पार्टनर?”

मला उत्तर आलं नाही. तो दोन मिनिटं थांबला. जिन्यातून वर-खाली जाणारे दोघं-तिघं गुड मॉर्निंग म्हणून गेले. मग तोही गेला.

मी त्या दिवशी मॅनेजरला जाऊन सगळं सांगितलं, उघड्या दारासकट. चांगली हजेरी घेतली गेली, योग्यच होतं. रेटिंग बदललं नाही. आयटीच्या माणसाने सर्व्हर तपासला, तर माझ्यासारखी स्टार्टअपमध्येच एक्सहोस्ट प्लस टाकलेली आणखी नऊ बिऱ्हाडं निघाली. त्यातल्या चौघांना तो मंत्र मीच दिला होता. पार्टनरने बुकिंग रद्द केलं. बिल्डरने दहा हजार कापून एक्केचाळीस परत दिले, तेही दोन महिन्यांनी. ते दहा हजार मी देतो म्हणालो. तो म्हणाला, “ठेव.” एवढंच.

ऑगस्ट २०२३ मध्ये तो नोकरी बदलून बंगळुरूला गेला. या एकाच कारणाने गेला असं मी म्हणणार नाही. पण निरोपाच्या केकचा तुकडा माझ्या घशाखाली उतरला नाही, हेही खरं.

त्यानंतर एका वीकांताला मी बसलो आणि जे २०१९ मध्ये शिकायला हवं होतं ते शिकलो. निदान तेवढं तरी तुम्हाला देऊन ठेवतो.

पहिला आणि सगळ्यात सोपा उपाय: परवानगी द्या, पण नाव घेऊन. एक्सहोस्ट प्लस असं नुसतं न म्हणता प्लसच्या पुढे ‘एसआय, कोलन, लोकलयूजर, कोलन, रिलीज’ असं लिहायचं, मध्ये जागा न सोडता. अर्थ एवढाच, की या मशीनवरचा रिलीज नावाचा माणूस येऊ दे, बाकी कुणी नाही. काम झालं की हीच ओळ प्लसच्या जागी मायनस घालून परत मारायची. वीस अक्षरांचा फरक. तेवढीच अक्षरं मी साडेतीन वर्षं वाचवली होती.

दुसरा: किल्लीची नक्कल देणं. ‘एक्सऑथ’ नावाचा प्रोग्रॅम आहे. आपल्या खात्यातून किल्ली ‘एक्स्ट्रॅक्ट’ करायची, दुसऱ्या खात्यात ‘मर्ज’ करायची. काम चोख होतं. पण लक्षात ठेवा, ही खरीच किल्ली आहे. सेशन चालू आहे तोवर ती ज्याच्या हातात, दार त्याचं. आणि नक्कल मागे राहिली तर ती विसरली जाते. काही लिनक्समध्ये हेच काम ‘पॅम एक्सऑथ’ नावाचं मोड्यूल परस्पर करतं: तुम्ही एस-यू केलंत की किल्ली तात्पुरत्या फाइलमध्ये पुढे देतं, आणि बाहेर पडलात की पुसून टाकतं. म्हणूनच एखाद्या मशीनवर काहीच न करता सगळं चालतं आणि दुसऱ्यावर चालत नाही. मग आपण उगाच आपल्यालाच वेड्यात काढतो.

तिसरा, माझा आवडता: एस-यू करायचंच नाही. त्याच मशीनवर त्या खात्यात एसएसएचने जायचं, कॅपिटल एक्सचा पर्याय लावून. एसएसएच त्या खात्याला खरी किल्ली देतच नाही. एक खोटी किल्ली बनवून देतं. पाहुणा ती घेऊन आला की आपल्या बाजूला तपासून घेतं आणि मगच खरी लावून दार उघडतं. मधला माणूस कसा असावा याचा नमुना आहे हा.

आणि यातलं काहीही केलं तरी एक गोष्ट बदलत नाही. आत कुणाला घ्यायचं ते तुम्ही ठरवलंत, पण आत आलेल्याला एक्स-११ मध्ये सगळं घर दिसतं. त्यावर उत्तर म्हणून २००८ पासून वेलँड तयार होत गेलं. त्यात एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची खिडकी दिसत नाही. स्क्रीनचा फोटो हवा तर रीतसर मागावा लागतो. फेडोराने २०१६ मध्ये ते आपल्या मुख्य डेस्कटॉपसाठी डीफॉल्ट केलं, तेव्हा डिस्कचं पार्टिशन करणारी नेहमीची टूल्स रूट म्हणून चालेनात आणि लोकांनी शिव्या घातल्या. मीही घातल्या असत्या. रेड हॅटने तर २०२५ च्या आपल्या दहाव्या आवृत्तीत जुना एक्स सर्व्हर द्यायचाच बंद केला. माझी स्क्रिप्ट तिथे चाललीच नसती.

आता इथे ‘तात्पर्य’ लिहून मोकळं व्हायची सोय आहे: दार उघडं ठेवू नका, परवानगी नाव घेऊन द्या, आणि एरर आली की तिला शिव्या घालण्याआधी ती कुणाला अडवतेय ते बघा. हे सगळं खरं आहे. ती ओळ मी साडेतीन वर्षं शत्रू समजत होतो, आणि ती बिचारी दाराशी उभी राहून एवढंच म्हणत होती, की तू कोण ते मला माहीत नाही.

पण तेवढ्याने माझा हिशोब पुरा होत नाही. समजा दार बंद असतं. पार्टनरला फोटो मिळाला नसता. तरी एप्रिलमध्ये पत्र आलंच असतं, आणि तोवर बुकिंगच्या पुढचे पैसेही गेले असते. मग तो मला तोच प्रश्न विचारता, फक्त उशिरा. उघड्या दाराने माझं ‘कर की’ दाखवलं, बनवलं नाही. ते मी स्वतःच बनवलं होतं. मला वाटलं होतं की दिवसा लीड व्हायचं, संध्याकाळी डॅश मारून परत पार्टनर व्हायचं, आणि याचं त्याला कळणार नाही. यंत्राला जमतं ते. माणूस खातं बदलतो तेव्हा आंघोळ होत नाही, अंगावर सगळं तसंच असतं. म्हणून निदान समोरच्याला सांगावं, की बाबा, आत्ता तुझ्याशी कोण बोलतोय, आणि त्याला काय बोलता येत नाही. “मला यावर बोलता येणार नाही, पण घाई करू नकोस.” एवढं वाक्य. एक्सहोस्टच्या त्या लांब ओळीइतकंच लांब असेल.

गेल्या महिन्यात रात्री अकराला मेसेज आला. बंगळुरूहून. बऱ्याच महिन्यांनी.

“अबे, इथे पण तेच. कॅन नॉट ओपन डिस्प्ले. काय असतं ते?”

मी त्याच्या प्रोजेक्टच्या खात्याचं नाव विचारलं, पूर्ण ओळ टाइप करून पाठवली, आणि खाली मायनसवाली दुसरी.

“नुसता प्लस नाही ना?” त्याने विचारलं.

“नाही. नावासकट.”

दोन मिनिटं काहीच नाही. मग, “चाललं.” आणि मग अजून एक, “ऐक ना, इथे एक फ्लॅट बघतोय. तुला काय वाटतं?”

मी काहीतरी टाइप करायला घेतलं, खोडलं, आणि सरळ फोन लावला. एक तास बोललो. त्याच्या कंपनीतलं मला काहीच माहीत नाही, हे आधी सांगितलं. मग जे माहीत होतं ते सांगितलं.

असो. फारच लांबलं. पाऊस थांबलाय, आणि आतून पोह्यांचा वास येतोय. उठतो आता.